टिकाराम मापाऱ्याचे अडतीस

टिकाराम मापारी माहा देर. सख्खा नाही, त्याची भिंत अन आमची भिंत एक, एवढंच नातं. पन देराची चेष्टा करनं वहिनीचा हक्क असते, अन तो हक्क मी लग्न होऊन या गावात आली त्या वर्षापासून बजावून राहिली. आता त्याच्याबद्दल चांगलं लिहाची वेळ आली, तर हात जरा अडखळून राहिला. सवय नाही ना बाई!

आमचं गाव एकोडीच्या अलीकडं. गाव धानाचं. धान चुरून, उडवून रास झाली का तिले मापाले टिकारामच पाहिजे. तो राशीसमोर गुडघे मोडून बसे, डोक्याले दुपट्टा बांधे, हातात मापाचा कुडो घे, अन त्याचं तोंड सुरू होये. पहिल्या मापाले 'एक' नाही म्हनाचं, 'लाभ' म्हनाचं. मग "दोन रे दोऽन, तीन रे तीऽन, चार रे चाऽर..." हात अन तोंड एका चालीनं. वीस कुडो झाले का एक खंडी. त्याची चाल कधी घाईची झाली नाही, कधी ढिली पडली नाही. पन्नास खंड्या मापल्या तरी पहिला कुडो अन शेवटचा कुडो सारख्याच वेळात पडे. आजूबाजूच्या तीन गावांत त्याचं माप कोनी दुसऱ्यांदा करून पाहिलं नाही. करनाऱ्याले लोक हसले असते.

मी म्हनो, "भाऊजी, तुमचं तोंड बंद पडलं तर हात हालते का?"

तो म्हने, "वहिनी, तुमचं बंद पडलं तर दिवस मावळते का?"

असा तो माणूस.

अठ्ठ्याहत्तर साली सरकारनं गावोगावी एक आरोग्य रक्षक नेमाचं काढलं. गावसभेत नाव कोनाचं घ्याचं? चौथी पास पाहिजे, घरोघरी जानारा पाहिजे, अन बायांसमोर लाजनारा नको. सगळे एका सुरात म्हनले, टिकाराम. त्याले पेटी भेटली. तापाच्या गोळ्या, लाल औषध, कापूस, पट्ट्या. पेटी घेऊन तो असा मिरवे का नवरदेव मागं पडावा. अन पहिल्याच महिन्यात तेव्हाच्या नर्सबाईनं कोनाले तरी सुई टोचली, तर हा पाहनाराच सपरीत आडवा! त्याच्या तोंडावर पानी मी मारलं. गरजेपेक्षा एक गडवा जास्त मारलं, हेही सांगून टाकते.

त्यायच्या मागून आलेल्या नर्सबाई म्हनजे मंदाबाई. भंडाऱ्याच्या, सायकलवर येनाऱ्या, बोलन्यात कडक. सहा गावं त्यांच्याकडं. अठ्ठ्याऐंशीच्या पूस महिन्यात त्या आमच्या सपरीत, ओसरीवर, बसल्या होत्या. तेव्हा सारं गाव खोकलून राहिलं होतं. एका घरात एकाले ताप आला का दोन दिवसांत बाज न बाज भरे. अंग ठनके, डोकं दुखे, नाक वाहे.

"हा फ्लू आहे टिकारामभाऊ," मंदाबाई म्हनाल्या. "एकदम येतो, घरभर येतो, चार-पाच दिवसांनी आपोआप उतरतो. खोकला मागं राहतो आठ-पंधरा दिवस, तो राहू द्या. आराम, पाणी, पेज, आणि तापाची गोळी. एवढंच औषध."

"अन सुई?"

"सुई कशाला? तुम्हाला पुन्हा आडवं पडायचं आहे?"

मी पदरात तोंड घातलं. टिकारामनं माह्याकडं असं पाहिलं का मीच त्यांना सांगितलं असावं. मीच सांगितलं होतं.

मग मंदाबाईचा आवाज बदलला. "पण याच फ्लूच्या मागून निमोनिया येतो. तुम्ही लोक ज्याला डब्बा म्हणता ना, तो. ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं, आणि पुन्हा चढला, की सावध व्हायचं. लेकरू अंगावर पीत नाही. श्वास भरभर चालतो. बरगड्यांच्या खाली छाती आत ओढली जाते. म्हाताऱ्या माणसाला छातीत कळ येते, बेडका तांबडा पडतो. फ्लूला ही पांढरी गोळी चालत नाही, निमोनियाला हीच लागते." अन त्यांनी पांढऱ्या गोळ्यांची एक वेगळी पुडी पेटीत ठेवली. "म्हणून आधी श्वास मोजायचे. लेकरू शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. तेवढे किंवा वर गेले, की निमोनिया समजायचं."

टिकारामनं डोळे मिटले, उघडले. "तीन खंडी, अडीच खंडी, दोन खंडी."

मंदाबाई पाहतच राहिल्या. बाकीच्या गावच्या रक्षकांना हे आकडे पाठ कराले आठ दिवस लागले होते म्हने. हा एका दमात खिशात घालून मोकळा. मोजनं हेच तर त्याचं काम. मलेही त्या वेळी वाटलं, या कामाले याच्यासारखा दुसरा भेटनार नाही.

फक्त त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं. माह्याजवळ होतं, भावानं लग्नात देल्लेलं, सेकंदकाट्याचं. म्हून दुसऱ्या दिवशी सकाळी मीही संग निघाली. टिकारामनं दुपट्टा बांधला, पेटी घेतली, अन गावातली पाच वर्षांखालची सारी लेकरं मोजाले आम्ही बाहेर पडलो. मी 'सुरू' म्हनो, तो लेकराच्या पोटावरचं पांघरून सारे, अन खळ्यावरच्या आवाजात, "लाभ... दोन रे दोऽन, तीन रे तीऽन..." मिनिट भरलं का मी 'बस' म्हनो. तो वहीत आकडा लिहे. बाया कौतुकानं ऐकत. आपल्या लेकराची रास लागून राहिली असं वाटे त्यायले.

आकडा लिहून झाला का घरोघरी त्याचं भाषन. "चुलीपाशी पोट्टं घेऊन बसू नको वो, धूर छातीत जाते. सपरीत उन्हात बस. खोकला आला तर पदर तोंडावर धर, लेकराच्या तोंडावर खोकलू नको. ताप असला तरी दूध तोडू नको. अन गोवराची सुई राहिली आहे का कोनाची? मंदाबाई आल्या का टोचून घ्या, गोवर झाला का त्याच्यामागून हाच डब्बा येते." स्वतः सुईले भेनारा माणूस!

असे फिरत आम्ही पंचफुलाच्या घरी पोचलो. पंचफुलाची पोरगी बेबी, सात महिन्यांची. फ्लू त्यांच्याही घरी येऊन गेला होता. पोरीचा ताप उतरून कालपासून पुन्हा चढला होता. पंचफुला म्हने, "भाऊ, अंगावर घेत नाही. तोंड लावते अन सोडते." तिची सासू चंद्रभागाबाई चुलीपाशी बसली होती. विस्तवात लोखंडी सुई तापत होती. डब्बा झाला का लेकराच्या पोटावर चटके द्याचे, ही आमच्याकडची जुनी रीत. चंद्रभागाबाईनं आपल्या पाची लेकरायले देल्ले होते. त्यातले दोनच जगले.

"डब्बा आहे हा," चंद्रभागाबाई म्हनाली. "पोट पाहा कसं उडून राहिलं."

"थांबा काकू, मोजू द्या," टिकाराम म्हनला. मी 'सुरू' म्हनलं. लाभ, दोन रे दोऽन... मी 'बस' म्हनलं.

"अडतीस. दोन खंडीले दोन कमी. डब्बा नाही काकू, साथीचा ताप आहे. अडीच खंडीच्या आत आहे. ते सुई काढा."

अन चंद्रभागाबाईनं सुई काढली. काहून? टिकारामचं माप होतं ते.

त्या मिनिटात मी काट्याकडं पाहून राहिली होती, तो आपल्या चालीत होता. पोरीकडं पाहनारं कोनीच नव्हतं.

दुपारी मंदाबाई आल्या. टिकारामनं मोठ्या ऐटीत वही त्यांच्यापुढं ठेवली. एकतीस लेकरं! त्यांनी पान उलटलं, परत मागं उलटलं. "टिकारामभाऊ, हे काय? अडतीस, अडतीस, सदतीस, अडतीस, अडतीस. महिनाभराचं लेकरू अडतीस, चार वर्षांचं पोरगंही अडतीस?"

"गावचं पानी एक आहे ना बाई," टिकाराम म्हनला.

मंदाबाई हसल्या नाही. "बरं. माझे मोजा." त्या खाटेवर ताठ बसल्या. मी घड्याळ धरलं. टिकाराम त्यांच्या खांद्याकडं पाहून सुरू झाला. लाभ, दोन रे दोऽन, तीन रे तीऽन...

"बस."

"अडतीस."

"मी काय धापा टाकणारी कुत्री आहे?" मंदाबाई म्हनाल्या. "मोठ्या माणसाचे मिनिटाला सोळा, अठरा असतात. भाऊ, तुम्ही लेकरांचे श्वास मोजलेच नाहीत. तुम्ही तुमची चाल मोजली. एका मिनिटात तुमच्या तोंडून अडतीस आकडे निघतात, एवढंच तुम्ही वहीत लिहून आणलं."

माहं हसू फुटाले आलं होतं. पन मी टिकारामच्या तोंडाकडं पाहिलं अन हसू तिथंच राहिलं. तीस वर्षं ज्या चालीवर त्यानं गावाचं धान मापलं, त्याच चालीनं त्याले फसवलं होतं.

"पंचफुलाची बेबी," तो एवढंच म्हनला, अन अनवानी पळत सुटला. पेटी मी उचलली. मंदाबाई सायकलवर, मी मागून पायी. त्या वेळी माहे श्वास मोजले असते तर चार खंडी भरले असते.

पंचफुलानं पोरगी मांडीवर घेतली होती. पोरीच्या नाकपुड्या फुलून राहिल्या होत्या. मंदाबाईनं गोधडी सारली, अन मलेही दिसलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडे, जसं कोनी आतून ओढून राहिलं. सकाळीही तो पडतच असन.

टिकाराम कोपऱ्यातल्या सुपाजवळ गेला. मूठभर धान घेतलं, खाली बसला, ओठ घट्ट मिटले. "सुरू म्हना वहिनी." एक श्वास, एक दाना जमिनीवर. त्याचे ओठ थरथरून राहिले होते, आकडा बाहेर पडाले धडपडून राहिला होता, पन आवाज नाही काढला त्यानं. मिनिट झालं. दाने मोजले. सहासष्ट.

"काकू," तो चंद्रभागाबाईले म्हनला, "सकाळी मी चुकलो. डब्बाच आहे. निमोनिया. पोरीले आत्ताच्या आत्ता साकोलीच्या दवाखान्यात न्या लागते."

बुढी उभी राहिली. "सकाळी नाही म्हनते, दुपारी हो म्हनते? तुह्या भरोशावर मी सुई काढली रे! अख्खा दिवस गेला माह्या नातीचा. आता तुहं कोनतं माप खरं धरू?" अन सुनेले म्हनाली, "जाय, विस्तव फुंक."

मंदाबाई मधात पडल्या. "आजी, चटक्यानं काही होत नाही, उलट लेकराचा जीव जाईल..."

"तू काल आली बाई. मी पाच लेकरायचा डब्बा काढला."

मंदाबाईनं वाद घातला नाही. त्यांनी पांढरी गोळी चमच्यात चुरली, आईच्या दुधात कालवली, अन थेंब थेंब पोरीच्या गालात सोडू लागल्या. बुढी दारात आडवी उभी. पोरगी उचलून नेनार कोन? पंचफुला सासूकडं पाहे, टिकारामकडं पाहे. त्या घरात त्या घडीले टिकारामच्या शब्दाची किंमत भुशाएवढी राहिली होती. अन तेही त्याच्याच हातानं.

मी वाट पाहून राहिली होती का आता तो आपली बाजू मांडन. बोलका माणूस, बोलनच. पन तो बोलला ते असं:

"माहं नका ऐकू काकू. माहं माप खोटं निघालं. तुम्हीच मापा."

"मले कुठं येते मोजाले? वीसच्या पुढं जात नाही मी."

"आकडा नाही लागत. एका श्वासाले एक दाना टाका."

त्यानं मले शेजारी धुरपताकडं पाठवलं. धुरपताची पोरगीही सातच महिन्यांची, ठनठनीत, पाळन्यात झोपली होती. मी तिले तशीच झोपलेली उचलून आनली. चंद्रभागाबाई कुरकुर करत खाली बसली. मी घड्याळ पाहिलं. बेबीच्या एका श्वासाले एक दाना. एक ढिगली झाली. मग धुरपताच्या पोरीची; दुसरी ढिगली.

"आता जोड्या लावा," टिकाराम म्हनला. "इकडचा एक, तिकडचा एक, बाजूले सारा."

बुढीनं बोटानं जोड्या लावल्या. धुरपताच्या पोरीची ढिगली सरली. बेबीच्या ढिगलीत अजून जवळपास तेवढेच दाने उरले होते. तिनं ते मुठीत गोळा केले. मूठ भरली.

"एवढे जास्त?"

तिनं मूठ उघडून पाहिली, परत मिटली.

"एवढे जास्त श्वास घ्या लागून राहिले माह्या नातीले?" ती उठली, शाल घेतली, अन पंचफुलावर खेकसली, "बसून काय राहिली? पोरगी गुंडाळ!"

पुंडलिकरावची बैलाची रेंगी जुंपली. पोरीले पोटाशी धरून पंचफुला, तिच्याबाजूले चंद्रभागाबाई, पुढं टिकाराम. मंदाबाईनं चिठ्ठी देल्ली: श्वास सहासष्ट, छाती आत ओढते, गोळीचा पहिला डोस इतक्या वाजता. बैलं सुटले.

टिकाराम तिले दवाखान्यात भरती करून दुसऱ्या दिवशी सकाळी परतला. डोळे लाल. मी म्हनलं, "जरा पडा भाऊजी." तो म्हनला, "तीस राहिले ना वहिनी. घड्याळ घ्या." अन निघालो आम्ही. मंदाबाईही संग. प्रत्येक दारात तो आधी एकच सांगे, "काल मी चुकीचं मोजलं. पुन्हा मोजू द्या." एकाही घरी त्यानं ते वाक्य गिळलं नाही. काही बाया तोंडावर हसल्या. त्या बायायची नावं मले पाठ आहेत.

तीस लेकरांत एक निघाला. इश्वरचा पोरगा, दोन वर्षांचा, सेहेचाळीस. पन छाती आत ओढत नव्हती, खातपीत होता. मंदाबाईनं घरीच गोळ्या सुरू केल्या, सकाळ-सांज, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी पोरगा खेळाले लागला, तर इश्वर म्हने, आता बस. टिकाराम दारात बसला. "पाच म्हनजे पाच. अर्ध्यावर सोडलं का तो परत येते." प्रत्येक गोळीच्या वेळी त्यानं आपल्या डोळ्यांसमोर गिळवली.

बाकी सारा फ्लू. त्यायले पांढरी गोळी नाही. याच्यावरून भांडनं झाले! यादोरावबुढा काठी टेकत आला. "इश्वरच्या पोट्ट्याले देल्ली अन मले काहून नाही? माहं अंग फुटून राहिलं."

"आजा, ते गोळी फ्लूले हात लावत नाही. तुम्ही पेज प्या अन पडून राहा. छातीत कळ आली, दम लागला, का मले आवाज द्या, मी आधी तुम्हाले साकोलीले नेतो."

"मेल्यावर नेजो!"

"तुम्ही कुठं मरता आजा, सारं गाव पोचवून जान तुम्ही."

बुढा शिव्या देत गेला, अन पाचव्या दिवशी शिव्या देतच बरा झाला.

पन टिकारामचं ध्यान साकोलीच्या रस्त्यावर. खळ्यावर पुंडलिकरावची रास थांबून होती. तो म्हने, पोरगी येऊ द्या, मग मापीन. मी या सहा दिवसांत त्याची एकही चेष्टा केली नाही. घरी माहा नवरा मले विचारे, "तुले बरं नाही का?"

सहाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी रेंगी आली. सारं गाव आखरावरच्या मोकळ्या जागेत जमा झालं. पंचफुला उतरली. रोडावली होती, पन हसून राहिली होती. मागून चंद्रभागाबाई, शालीत गुंडाळलेली पोरगी घेऊन. तिथल्या डॉक्टरनं विचारलं होतं म्हने, गावात श्वास कोनी मोजले? अजून एक दिवस गेला असता तर कठीन होतं. पंचफुला हे साऱ्यांना सांगाले लागली, तर लोक टिकारामच्या पाठीवर थापा माराले लागले.

टिकाराम म्हनला, "अर्धा दिवस माह्यानच गेला होता. हेही सांग."

माह्या छातीत काय झालं ते मी सांगत नाही. वहिनीनं देरासमोर डोळे पुसाचे नसते, म्हून मी पदर खोकल्यासाठी तोंडावर घेतला. त्यानंच शिकवलं होतं ना!

चंद्रभागाबाई मात्र गर्दीतून सरळ त्याच्यापाशी आली, अन पोरगी त्याच्या हातात देल्ली.

"मोज," म्हनाली.

पुंडलिकरावनं राशीतलं ओंजळभर धान आनून देल्लं. टिकाराम मातीतच बसला, पोरगी मांडीवर. मी घड्याळ वर केलं. त्या एका मिनिटात त्याच्या तोंडून आवाज नाही, अन साऱ्या गावाले अजून खोकला असून आखरावर कोनी खोकललंही नाही. दाना पडे, तेवढाच आवाज. पोरगी त्याच्या दुपट्ट्याची शेंडी धरून ओढून राहिली होती.

"बस," मी म्हनलं.

त्यानं दाने दोन-दोन करून मोजले. "चौतीस, काकू."

बुढीनं दान्यांकडं पाहिलं, त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"पुन्हा मोज."

टिकारामनं दाने गोळा केले, ओठ मिटले, अन पुन्हा मोजाले बसला.